अर्धे पाणी, अर्धे आकाश

विज्ञानविषयक मासिकात एखाद्या पुस्तकाचे किंवा माहितीपटाचे परीक्षण आले तर कोणाला नवल वाटत नाही. छायाचित्रांचे परीक्षण मात्र क्वचितच कोणी लिहितो. समोर जे होते ते कागदावर उतरले, त्यात परीक्षण कसले करायचे, अशी आपली साधारण समजूत असते. पाण्याखालच्या छायाचित्रांच्या बाबतीत ही समजूत चांगलीच फसवी ठरते. सागरी सजीवांचा धडा शिकवताना वर्गातल्या बहुतेक मुलांनी समुद्राचा तळ पाहिलेला नसतो आणि खरे सांगायचे तर शिकवणाऱ्यानेही पाहिलेला नसतो. सगळ्यांची भिस्त चित्रांवर. तेव्हा ती चित्रे कोणी काढली, कोणत्या प्रकाशात काढली आणि त्यांतून काय वगळले गेले, याची चौकशी करणे हे विज्ञानशिक्षकाच्या कामातच मोडते.

अशी चौकशी करायची तर एका माणसाची संपूर्ण कारकीर्द समोर ठेवणे सोयीचे. मी डेव्हिड डुबिले या अमेरिकी छायाचित्रकाराची निवड करतो. पन्नासाहून अधिक वर्षे ‘नॅशनल जिऑग्राफिक’ मासिकासाठी त्यांनी पाण्याखाली छायाचित्रे काढली आणि तिथले त्यांचे सचित्र लेख ७०हून अधिक भरतात. जगभरच्या वाचकांच्या मनात ‘समुद्राच्या आत कसे दिसते’ याचे जे चित्र आहे, त्यातला मोठा हिस्सा या एका माणसाचा आहे. त्यामुळे त्यांची ताकद आणि त्यांच्या उणिवा, दोन्ही तपासण्याजोग्या आहेत.

डुबिले यांचा जन्म १९४६ सालचा, न्यू यॉर्कचा. आठव्या वर्षी घरच्यांनी उन्हाळी शिबिराला पाठवले. तिथे मुलाचे मन रमेना, म्हणून त्याला तळ्यातल्या धक्क्याखाली अडकलेल्या फांद्या काढायच्या कामाला लावले. तोंडाला काचेचा मुखवटा लावून तो पाण्यात उतरला आणि मग त्याला बाहेर काढणे कठीण झाले. बाराव्या वर्षी त्याने पाण्याखाली छायाचित्रे काढायचा प्रयत्न केला. कॅमेरा साधा ब्राऊनी हॉकाय. वडील डॉक्टर असल्याने भूल देताना वापरतात तसली रबरी पिशवी घरात आली आणि त्या पिशवीत कॅमेरा बंद केला. (आर्किमिडीज शिकवताना हे उदाहरण अवश्य घ्यावे. पिशवीत एक लिटर हवा राहिली तर ती जवळजवळ एक किलोग्रॅम वजनाइतक्या बलाने वर ढकलते. कॅमेरा बुडवणार कसा?) पुढे बॉस्टन विद्यापीठातून पदवी, न्यू जर्सीतल्या सँडी हुक येथील सागरी प्रयोगशाळेसाठी छायाचित्रण, आणि १९७१ साली तांबड्या समुद्रात ‘नॅशनल जिऑग्राफिक’चे पहिले काम.

हे पहिले काम महत्त्वाचे आहे, कारण ते एका शास्त्रज्ञाबरोबर केलेले होते. युजेनी क्लार्क या मत्स्यशास्त्रज्ञ तिथे वाळूत उभ्या राहणाऱ्या वाम माशांचा अभ्यास करत होत्या. हे मासे शेपटाकडचा भाग वाळूतल्या बिळात ठेवून शेकड्यांनी उभे असतात, प्रवाहाबरोबर येणारे सूक्ष्म जीव टिपतात, आणि पाणबुड्या जवळ येताच सगळे एकदम बिळात गडप होतात. ज्याच्याजवळ जाताच येत नाही त्याचे चित्र काढायचे! अशा वेळी छायाचित्रकाराला माशाच्या वर्तनाचा अभ्यास करावाच लागतो. क्लार्क यांच्याबरोबरचे दुसरे काम १९७४ साली प्रसिद्ध झाले. तांबड्या समुद्रातला एक चपटा, आपल्या लेपीसारखा मासा त्वचेतून दुधासारखा स्राव सोडतो आणि त्याला तोंडात धरणाऱ्या शार्कचा जबडा मिटेनासा होतो, असे क्लार्क यांना आढळले होते. त्या लेखाला डुबिले यांची छायाचित्रे होती. माझ्या मते त्यांच्या सुरुवातीच्या कामातला हा सर्वांत भक्कम भाग. इथे प्रत्येक चित्राच्या मागे एक प्रश्न उभा आहे आणि चित्र त्या प्रश्नाला बांधलेले आहे. पुढच्या काळात हा बांध सैल होत गेला, तसे चित्रांचे सौंदर्य वाढले आणि त्यांच्याकडून मिळणारी माहिती कमी झाली, असे मला वाटते. ते कसे, हे समजायला आधी प्रकाशाकडे वळावे लागेल.

शुद्ध पाणी रंगहीन असते असे आपण शिकवतो. पेल्याभर पाण्यापुरते ते ठीक आहे. पण पाण्याचा रेणू तांबडा प्रकाश शोषतो, निळा फारसा शोषत नाही. मोजमापांतून आलेले आकडे पाहा. ६५० नॅनोमीटर तरंगलांबीचा तांबडा प्रकाश शुद्ध पाण्यातून ५ मीटर गेला तर त्यातला १८ टक्क्यांच्या आसपास उरतो, १० मीटर गेला तर ३ टक्क्यांच्या आसपास. ४५० नॅनोमीटरचा निळा प्रकाश १० मीटर गेला तरी केवळ शोषणामुळे होणारी घट १० टक्क्यांच्या आत असते. समुद्र आकाशाच्या प्रतिबिंबामुळे निळा दिसतो ही समजूत रामन यांनी १९२१ च्या सागरप्रवासानंतर खोडून काढली आणि पाण्याच्या रेणूंकडून होणाऱ्या विकिरणावर बोट ठेवले, हे २८ फेब्रुवारीला आपण दरवर्षी सांगतो. त्या गोष्टीला ही शोषणाची पुरवणी जोडायला हवी. समुद्राच्या निळेपणात दोघांचाही वाटा आहे.

आता १५ मीटर खोलीवर तांबड्या माशाची कल्पना करा. त्याच्यापर्यंत तांबडा प्रकाश जवळपास पोहोचतच नाही, म्हणून तो काळपट करडा दिसतो. त्या खोलीवर पाणबुड्याच्या बोटाला खरचटले तर रक्तही हिरवट-काळे दिसते. मग छायाचित्रात मासा लालभडक कसा? कारण छायाचित्रकाराने बरोबर फ्लॅशचा दिवा नेलेला असतो. ही युक्ती जुनी. पाण्याखालची पहिली रंगीत छायाचित्रे १९२६ साली फ्लोरिडाजवळच्या ड्राय टॉर्टुगाज बेटांपाशी लाँग्ली या शास्त्रज्ञाने आणि चार्ल्स मार्टिन या छायाचित्रकाराने काढली, तेव्हा त्यांनी पाण्यावरच्या तराफ्यात मॅग्नेशियमची भुकटी पेटवून उजेड केला होता. डुबिले यांच्या हातात विजेवर चालणारे फ्लॅश आले, एवढाच फरक. अर्थात फ्लॅशच्या प्रकाशालाही पाण्याचा कर भरावाच लागतो, आणि तोही जाता-येता दोन्ही वेळा. मासा १ मीटरवर असला तर प्रकाशाची वाट २ मीटरची होते आणि ६५० नॅनोमीटरचा निम्मा प्रकाश परत येतो. मासा ३ मीटरवर गेला तर १३ टक्केच. म्हणून रंग हवा असेल तर विषयाच्या अगदी जवळ जायचे, हा या धंद्यातला पहिला नियम.

फ्लॅशमधले चित्र खोटे म्हणायचे का? तसे म्हणणे फार झाले. त्या माशाच्या त्वचेत ते रंगद्रव्य खरोखर आहे आणि चित्र त्याची ग्वाही देते. पण तो रंग तिथल्या इतर माशांना तसा दिसतो असा अर्थ मुलांनी काढला तर तो चुकीचा ठरेल. उलट, तांबडा रंग हा खोल पाण्यात लपण्याचा रंग आहे. (इथेही निसर्ग आपल्याला सरळ नियम करू देत नाही. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात प्रवाळखडकांवरचे काही मासे निळा-हिरवा प्रकाश शोषून तांबडा प्रकाश बाहेर टाकतात असे आढळले. म्हणजे थोडा तांबडा प्रकाश तिथेच तयारही होतो.) वर्गात हे दाखवायचे तर अंधाऱ्या खोलीत विजेरीला निळा जिलेटिन कागद गुंडाळून तांबड्या कागदाचा मासा बघावा. मग जिलेटिन काढून पुन्हा बघावा. दुसरा देखावा म्हणजे छायाचित्र आणि पहिला म्हणजे समुद्र.

१९९९ साली डुबिले यांच्या अनेक दशकांच्या कामाचे ‘वॉटर लाइट टाइम’ हे मोठे पुस्तक आले. त्यात प्रवाळांची आणि माशांची फ्लॅशने उजळलेली जी निकटचित्रे आहेत, ती सुटी सुटी पाहिली तर अप्रतिम आहेत. लागोपाठ पाहिली तर डोळे थकतात. फुलांच्या दुकानातून चालल्यासारखे वाटते. पाणी कुठे आहे तेच कळत नाही. मासे जणू हवेत टांगले आहेत. जिथे ते पाण्याला त्याचे काम करू देतात तिथे मात्र त्यांच्या तोडीचे फार थोडे. पापुआ न्यू गिनीजवळ १९८७ साली काढलेले बाराकुडा माशांचे चित्र अनेकांनी पाहिले असेल. एका पाणबुड्या स्त्रीभोवती शेकडो माशांनी कडे केले आहे. त्यात निळ्या-करड्याखेरीज रंग जवळजवळ नाहीत. पण माशांमधले अंतर, त्यांची एकमेकांशी जुळलेली दिशा, पाण्याची खोली, सगळे त्यात आहे. कळप म्हणजे काय हे सांगायला मी हेच चित्र दाखवीन. तांबड्या-पिवळ्या माशांची दहा चित्रे मिळून ते काम करणार नाहीत.

डुबिले यांची खरी ओळख मात्र वेगळ्याच प्रकारच्या चित्रांनी झाली. चौकटीच्या वरच्या भागात आकाश, ढग, एखादे बेट. खालच्या भागात त्याच क्षणी पाण्याखाली असलेले प्रवाळ आणि मासे. आणि मधून जाणारी पाण्याची रेघ. ही कल्पना त्यांची एकट्याची नव्हे, पण तिला त्यांच्याइतके कोणी जोपासले नसेल. २०२१ साली निघालेल्या त्यांच्या पुस्तकाचे नावच ‘टू वर्ल्ड्‌स’ म्हणजे ‘दोन जगे’ असे आहे. या चित्रांमागचे भौतिकशास्त्र दहावीच्या मुलांच्या आवाक्यातले आहे आणि तरी ते कुठे शिकवलेले मी पाहिले नाही, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

कॅमेरा जलरोधक पेटीत असतो. पेटीची खिडकी सपाट काचेची असेल तर पाण्यातून हवेत येणारे किरण अपवर्तनामुळे बाहेरच्या बाजूला वळतात. पाण्याचा अपवर्तनांक १.३३, म्हणून १ मीटरवरची वस्तू ७५ सेंटिमीटरवर असल्यासारखी दिसते आणि तेवढ्या प्रमाणात मोठीही. अर्धी चौकट पाण्याबाहेर असेल तर वरचा माणूस लहान आणि त्याचेच पाय मोठे असा विचित्र प्रकार होईल. शिवाय कडांना रंगांचे अपस्करण दिसेल. यावर उपाय म्हणजे अर्धगोल घुमटाची खिडकी. भिंग त्या गोलाच्या केंद्राशी ठेवले की केंद्राकडे येणारे किरण काचेवर लंबरूप पडतात आणि वळत नाहीत. आकाराचा विपर्यास बराचसा जातो. अशा घुमटाच्या पेट्या १९६०च्या दशकात ज्यांच्या खटपटीने तयार झाल्या त्यांत याच मासिकाचे छायाचित्रकार बेट्स लिटलहेल्स हे होते, आणि डुबिले यांच्या पिढीला त्यांचा आयता फायदा मिळाला.

पण घुमट दुसरी अडचण उभी करतो. बाहेर पाणी आणि आत हवा असली की तो अंतर्वक्र भिंगासारखा वागतो. एका गोलाकार पृष्ठभागाचे सूत्र वापरून मुलांना गणित करू द्या. काचेची जाडी सोडून दिली तर पाण्यातल्या अतिदूरच्या वस्तूची आभासी प्रतिमा घुमटापासून त्रिज्येच्या तिप्पट अंतरावर पडते. त्रिज्या १० सेंटिमीटर असेल तर ३० सेंटिमीटरवर! घुमटापासून १ मीटरवर असलेला मासा कॅमेऱ्याला सुमारे २१ सेंटिमीटरवर दिसतो. म्हणजे मीटरभर अंतरापासून पुढचा अख्खा समुद्र कॅमेऱ्याच्या दृष्टीने नऊ-दहा सेंटिमीटरांच्या पट्टीत मावतो. वरच्या अर्ध्या भागाला मात्र दोन्ही बाजूंनी हवाच आहे, त्यामुळे तिथला डोंगर डोंगराच्याच जागी राहतो. एकाच भिंगाने एकाच वेळी ३० सेंटिमीटर आणि अनंत अंतर, दोन्ही स्पष्ट दाखवायचे आहे. त्यासाठी रुंद कोनाचे भिंग हवे, त्याचे छिद्र एफ-१६ किंवा त्याहून बारीक हवे, आणि छिद्र बारीक झाले की प्रकाश अपुरा पडतो. तोही दोन्हीकडे सारखा नाही, खाली कमी. म्हणून वर सूर्य आणि खाली फ्लॅश, असा तोल साधावा लागतो. शिवाय काचेला लागून पाणी पृष्ठताणामुळे वर चढते, त्यामुळे लहान घुमटावर ती रेघ जाडजूड दिसते; मोठा घुमट घ्यावा लागतो. वरच्या अर्ध्यावर थेंब राहून चालत नाहीत. आणि हे सगळे लाटेवर हेलकावे खात करायचे.

शाळेत याचा छोटा अवतार सहज करता येतो. माशांच्या काचेच्या टाकीत खेळण्यातला मासा ठेवा. पारदर्शक गोल वाडगा पाण्यात अर्धा दाबून धरा आणि वाडग्याच्या आत मोबाइल फोनचा कॅमेरा धरून आडवे बघा. आधी पाण्यातल्या माशावर फोकस करा, मग खोलीतल्या फळ्यावर. एक स्पष्ट झाला की दुसरा कितपत पुसट होतो ते मुलांना लिहून काढायला सांगा.

एका चौकटीमागे एवढी खटपट आहे हे कळले की त्या चित्रांविषयीचा आदर वाढतो. आदर वाढला म्हणून प्रश्न विचारायचे थांबवू नयेत. फिल्मच्या काळात एका रोलवर ३६ चित्रे येत आणि पाण्याखाली रोल बदलता येत नसे. म्हणून बरोबर अनेक भरलेले कॅमेरे न्यावे लागत, आणि टाकीतली हवा व शरीरात विरघळणारा नायट्रोजन यांमुळे वेळही मोजकाच. तरीही एका मोहिमेत हजारो चौकटी जमत आणि त्यातून अंकात वीस-पंचवीस छापल्या जात. कोणत्या? सर्वांत सुंदर. एखाद्या विद्यार्थ्याने प्रयोगवहीत हजार नोंदींपैकी आवडलेल्या वीसच उतरवल्या तर आपण त्याला काय म्हणू? मासिकाने तसे करण्यात काही गैर नाही, मासिकाचे काम ते आहे. पण ती वीस चित्रे नमुना म्हणून वापरण्याची चूक आपण करतो.

याचे सर्वांत चांगले उदाहरण त्यांच्याच एका गाजलेल्या चित्रात आहे. ग्रँड केमन या कॅरिबियन बेटाजवळच्या उथळ पाण्यातले पाकट मासे. खाली पांढऱ्या वाळूवरून पाकट तरंगत चालले आहेत, वर ढगांचे पुंजके. पाकटाचे पसरलेले कल्ले आणि ढगांचे आकार एकमेकांना साद देतात. चित्र म्हणून त्यात खोड काढायला जागा नाही. पण मुलाने ते पाहून काय शिकावे? पाकट दिवसाढवळ्या घोळक्याने फिरतात, असेच ना? प्रत्यक्षात ही जात बहुतांशी एकएकटी आणि रात्री भक्ष्य शोधणारी. त्या जागी ते जमतात याचे कारण असे की कोळी तिथे मासे साफ करून टाकाऊ भाग पाण्यात फेकत असत, आणि पुढे पर्यटक त्यांना माकूळ चारू लागले. २००७ पासूनच्या काही वर्षांत झालेल्या अभ्यासांत या पाकटांच्या शरीरातल्या स्निग्धाम्लांचे प्रमाण बदललेले आढळले, रक्ताच्या तपासणीत प्रकृती खालावल्याच्या खुणा दिसल्या, होड्यांमुळे आणि एकमेकांच्या चाव्यांमुळे झालेल्या जखमा जास्त होत्या. दिवसा-रात्रीचे त्यांचे वेळापत्रकही उलटेपालटे झाले होते. ‘दोन जगे’ दाखवणाऱ्या त्या चित्रात वरच्या जगाने खालच्या जगाचे काय केले हे दिसत नाही. नेमकी ती होडी आणि तो माकुळाचा डबा चौकटीबाहेर राहिला. माझी डुबिले यांच्याविषयीची मुख्य तक्रार हीच आहे. पाण्याची रेघ ते विलक्षण नजाकतीने काढतात, पण त्या रेघेवरून होणारी देवाणघेवाण बराच काळ त्यांच्या चित्रांत आली नाही.

आणखी एक गोष्ट चौकटीबाहेर राहते, ती आपल्या कोकणकिनाऱ्याशी संबंधित आहे. अशा चित्रांसाठी नितळ पाणी लागते. त्यामुळे छायाचित्रकार तांबडा समुद्र, कॅरिबियन, पापुआ न्यू गिनी अशा ठिकाणी जातात. आपल्या मुलांनी मग स्वतःचा हिरवट, गढूळ समुद्र पाहून तो ‘खराब’ ठरवला तर दोष त्यांचा नाही. वस्तुतः उष्ण कटिबंधातले निळेशार नितळ पाणी हे पोषक द्रव्यांच्या दृष्टीने जवळजवळ वाळवंट असते. त्यात सूक्ष्म वनस्पती कमी, म्हणूनच ते नितळ. असल्या पाण्यात प्रवाळांची एवढी समृद्धी कशी, हा डार्विनपासूनचा कोड्यात टाकणारा प्रश्न आहे. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर नद्यांचा गाळ येतो, नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात कुठे कुठे खालचे पोषक पाणी वर येते, वनस्पती-प्लवक वाढतात. प्लवकांतले हरितद्रव्य निळा आणि तांबडा प्रकाश खाते, हिरवा सोडते. कोळंबी आणि बांगडा या अन्नसाखळीच्या जोरावर जगतात. मालवणला पाण्याखाली काही मीटरपलीकडचे धड दिसत नाही तेव्हा आपण अन्नाने भरलेल्या पाण्यातून बघत असतो. असल्या पाण्यात सुंदर चित्र निघत नाही, कारण पुढ्यातला कणन्‌कण फ्लॅशचा प्रकाश मागे फेकतो आणि चौकटीत जणू बर्फ पडल्यासारखे दिसते. म्हणून जगातले मासळीने भरलेले कित्येक समुद्र सुंदर चित्रांच्या संग्रहात भेटत नाहीत.

मग ही चित्रे विज्ञानाच्या काय कामाची? छायाचित्रातून मोजमाप निघू शकते, हे फ्लोरिडातल्या की वेस्ट बंदराच्या अभ्यासाने दाखवून दिले. तिथे हौशी पर्यटक दिवसभराची मासळी फळीवर टांगून तिच्याशेजारी उभे राहून छायाचित्र काढून घेत. लोरेन मॅक्लेनाहन या संशोधिकेने १९५६ ते २००७ या काळातली ती चित्रे जमवून माशांच्या लांबीवरून वजने काढली. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या निबंधानुसार माशाचे सरासरी वजन १९.९ किलोग्रॅमवरून २.३ किलोग्रॅमवर आले होते. पर्यटकांच्या चेहऱ्यावरचे हसू मात्र तेवढेच! प्रत्येक पिढी आपल्या लहानपणीचा समुद्र हाच मूळ समुद्र धरून चालते, हे डॅनियल पॉली यांनी १९९५ साली मांडले होते. त्याचा इतका बोलका पुरावा दुसरा नसेल. आता गंमत पाहा. की वेस्टची ती चित्रे कलेच्या दृष्टीने सुमार आहेत. पण बंदर तेच, उद्देश तोच, चौकट साधारण तीच, आणि तारीख माहीत. डुबिले यांची चित्रे कितीतरी पटीने श्रेष्ठ असूनही या कसोटीवर बराच काळ मागे राहिली, कारण ते एका जागी एकदा जाऊन सर्वोत्तम चौकट घेत आणि पुढच्या समुद्राकडे वळत. ‘वॉटर लाइट टाइम’मधली पहिली दोन नावे त्यांनी पुरेपूर कमावली होती, तिसरे, काळ, हे १९९९ साली तरी उधारीवरच होते.

ती उधारी पुढे फिटू लागली, हे त्यांच्या श्रेयाला लिहायला हवे. ग्रेट बॅरियर रीफचे प्रवाळ १९९८ आणि २००२ साली उष्णतेने मोठ्या प्रमाणावर पांढरे पडले होते. २०१६ आणि २०१७ साली लागोपाठ, नंतर २०२०, २०२२ आणि २०२४ साली पुन्हा तसे घडले. पाण्याचे तापमान नेहमीच्या उन्हाळी कमाल तापमानाच्या एखाद्या अंशानेच वर गेले आणि काही आठवडे तिथेच राहिले, तरी प्रवाळांच्या ऊतींत राहणारे शैवाल बाहेर पडते, आणि रंगाबरोबर अन्नाचा मुख्य पुरवठाही जातो. ज्याने ते खडक पूर्वी पाहिले होते, त्याला आपल्या जुन्या चौकटींचा अर्थ नव्याने कळणारच. डुबिले आणि त्यांच्या पत्नी जेनिफर हेज (त्या स्वतः सागरी जीवांच्या अभ्यासक आणि छायाचित्रकार) जुन्या जागी परत जाऊ लागले. नव्या चित्राशेजारी जुने चित्र ठेवले की जे फक्त सुंदर होते ते नोंद बनते. मूळ चित्र काढताना जागेची काटेकोर खूण ठेवलेली नसेल तर तुलना सैल राहते, हे खरेच. पण अजिबात तुलना नसण्यापेक्षा ती केव्हाही बरी.

पापुआ न्यू गिनीतल्या किंबे उपसागरातही ते बऱ्याच वर्षांनी परतले. २०१३ सालच्या त्या फेरीतले एक चित्र मला त्यांच्या ‘दोन जगां’पैकी सर्वांत मोलाचे वाटते. वर उलांडीच्या होडीत एक बाप आणि त्याचे मूल आहे. होडी आपल्या कोकणातल्या उलांडीच्या होडीची आठवण करून देईल अशी. खाली हाताच्या अंतरावर प्रवाळखडक आहे, जवळचा भाग फ्लॅशने उजळलेला आणि पलीकडचा पाण्याच्या निळ्यात विरत जाणारा, त्यामुळे पाणी कुठवर आहे ते कळते. इथे वरचा माणूस शोभेसाठी नाही. त्या खडकावर त्याचे जेवण अवलंबून आहे आणि खडकाचे भवितव्य काही अंशी त्याच्या होडीवर, हे चित्रातच दिसते. मुलांना ते दाखवताना मी आधी शीर्षक झाकून ठेवीन आणि होडीतल्या माणसाला कोणते प्रश्न विचाराल ते लिहायला सांगेन. मग जागा आणि साल वाचून दाखवीन, कारण ती दोन्ही छापलेली असल्यामुळे पुढे कधीतरी कोणाला तिथे परत जाऊन तोच खडक शोधता येईल.